चालविणें आणि कॅरी ऑन

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. तास आटोपून मी माझ्या खोलींत येऊन बसलों, तोंच बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दारांत येऊन उभी राहिली. तिच्या हातांत घडीवर विरलेला एक जुना इंग्रजी कागद होता. ती वर्धेकडील एका खेड्यांतली. तिच्या घराण्याकडे गांवच्या देवाच्या पूजाअर्चेसाठीं पूर्वीं थोडी माफीची जमीन होती. आज ती त्यांच्याकडे नाहीं. आजीच्या पेटींत सांपडलेला तो कागद माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, “सर, सरकारनें आमची जमीन पुन्हां चालू केली असें ह्यांत स्पष्ट लिहिलें आहे. मग ती आमच्याकडे राहिली कशी नाहीं?”

कागदांत तसें लिहिलेलें नव्हतें, आणि तरीहि त्या मुलीनें शब्दकोशाच्या बाहेर कांहीं पाऊल टाकलें होतें असें नाहीं. वाक्यांतील क्रियापद होतें ‘रिझ्यूम’. शाळेंत आपण त्याचा अर्थ शिकतों ‘थांबलेलें काम पुन्हां सुरू करणें’. परंतु जमीनमहसुलाच्या इंग्रजींत ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें सरकार जमीन ‘रिझ्यूम’ करतें, म्हणजे पूर्वीं दिलेली जमीन किंवा सोडलेला सारा परत आपल्याकडे घेतें. लॅटिन मुळाकडे पाहिलें तर हाच अर्थ आधींचा. त्या धातूचा अर्थच मुळीं ‘परत घेणें’ असा आहे. थोडक्यांत, त्या कागदानें माफी चालू झाली नव्हती, माफी संपली होती.

हें मी तिला सांगितलें तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. तिचे आजोबा जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. घरांत इंग्रजी येणारे ते पहिलेच. हा कागद त्यांनींच प्रथम वाचला आणि जमीन सरकारनें परत दिली होती असा अर्थ लावला. परत दिली होती, मग गेली कोठें? संशय अर्थातच चुलत घराण्यावर आला. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ दोन्ही घरांचें लग्नकार्यांतहि जाणेंयेणें नाहीं. आमच्याकडे भाऊबंदकीला कारण लागतेंच असें नाहीं. पण ह्या भाऊबंदकीचें कारण एक इंग्रजी क्रियापद होतें.

तेव्हांपासून चालू राहणें, चालू ठेवणें, पुढें चालविणें ह्या अर्थाच्या शब्दांकडे माझें लक्ष विशेष वेधलें. हे शब्द इतके नित्याचे आहेत कीं, त्यांचा विचार करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु हक्क, वतनें, राज्यें आणि नातीं ह्यांवरच टिकतात किंवा मोडतात. शिवाय ह्या बाबतींत मराठी व इंग्रजी ह्या दोन भाषा एके ठिकाणीं विलक्षण जवळ येतात, आणि आम्हीं इंग्रजी ज्या रीतीनें शिकलों त्या रीतीमुळें नेमकें तेंच ठिकाण आमच्या दृष्टीआड झालें, असें माझें मत आहे.

प्रथम आपल्या घरांतील शब्द पाहूं. मराठेशाहींतील इनामपत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना ‘चालविणें’ हें क्रियापद पावलोपावलीं भेटलें असेल. गांव किंवा जमीन इनाम करून दिली म्हणजे ती पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें ‘चालवावी’ अशी मुलकी अंमलदारांस आज्ञा असे. दरसाल नव्या पत्राची अट घालूं नये, पत्राची नक्कल ठेवून अस्सल पत्र धारकास भोगवट्यासाठीं परत द्यावें, असेंहि बजावलेलें असे. तेथें ‘चालविणें’ म्हणजे केवळ व्यवहार पाहणें नव्हे. पूर्वीपासून जें चालत आलें आहे तें खंड पडूं न देतां पुढें नेणें. घर चालविणें, दुकान चालविणें, पंक्ति चालविणें ह्यांत व्यवहार पाहण्याचा अर्थ आहे. वंश चालविणें, नांव चालविणें, वहिवाट चालविणें ह्यांत सातत्याचा अर्थ आहे. एकाच क्रियापदाच्या पोटीं हे दोन्ही अर्थ नांदतात, कारण आमच्या पूर्वजांच्या दृष्टीनें ते दोन नव्हतेच. जो नीट चालवील त्याच्याच हातून पुढें चालेल, हा अनुभव त्या शब्दांत सांठलेला आहे.

आतां इंग्रजीकडे वळूं. ‘कॅरी’ हा शब्द उत्तर फ्रान्सच्या बोलींतून इंग्रजींत आला. त्याच्या मुळाशीं गाडी आहे, म्हणजे गाडींत घालून वाहून नेणें. त्यास ‘ऑन’ हें इवलेंसें अव्यय लागलें आणि ‘कॅरी ऑन’ झालें. त्याचे अर्थ दोन: धंदा, पत्रव्यवहार, युद्ध इत्यादि चालविणें हा एक, आणि हातीं असलेलें काम तसेंच पुढें चालू ठेवणें हा दुसरा. हे आपल्या ‘चालविणें’चेच दोन अर्थ होत. एका भाषेनें गाडी हांकतां हांकतां आणि दुसरीनें पायीं चालतां चालतां एकच मुक्काम गांठला. साम्य इतकें असूनहि ‘चालविणें’ ह्याचें इंग्रजी विचारलें तर आमचा विद्यार्थी ‘रन’ किंवा ‘कंटिन्यू’ म्हणतो. ‘कॅरी ऑन’ त्याच्या जिभेवर येत नाहीं.

ह्याचें कारण आमच्या इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासांत आहे. आमच्या नागपुरांत इंग्रजी शिक्षणाचा पाया स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं घातला; ते १८४५ सालीं येथें आले. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें, मॉरिस कॉलेज १८८५ सालीं, आणि विद्यापीठ १९२३ सालीं. मुंबई इलाख्यांत ही वाट त्याआधींच मळली होती. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालचें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रथम निघाला व १८५७ सालीं त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति झाली. मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविलें. ह्या ग्रंथांचें ऋण मोठें आहे आणि तें नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाहीं. परंतु एका शब्दास एक प्रतिशब्द हा जो पाठांतराचा मार्ग आमच्या शाळांनीं धरला, त्यांत ‘कंटिन्यू’, ‘प्रोसीड’, ‘पर्सिस्ट’ असे लॅटिन वळणाचे भारदस्त शब्द सोपे पडले. ते एकाच पदाचे, ठरलेल्या अर्थाचे, संस्कृत तत्सम शब्दांसारखे दिसणारे. उलट ‘गो ऑन’, ‘कीप अप’, ‘कॅरी ऑन’ हीं दोन दोन तुकड्यांचीं क्रियापदें कोशांत कोठें शोधावीं हाच प्रश्न. म्हणून आम्ही इंग्रजांची दरबारी भाषा आधीं शिकलों आणि घरगुती भाषा शिकावयाची राहिली. इंग्रज आपल्या मुलाला घरांत ‘कंटिन्यू’ कर असें क्वचितच म्हणतो; तो म्हणतो ‘गो ऑन’.

ही अडचण केवळ आमचीच आहे असें मात्र नाहीं. डॉ. जॉन्सन ह्यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश काढला तेव्हां प्रस्तावनेंत, क्रियापदास अव्यय लागून त्याचा अर्थ पालटतो आणि परक्यांस इंग्रजींत सर्वांत अवघड जातें तें हेंच, अशी कबुली दिली होती. तरीहि ह्या प्रकारास सर्वमान्य नांव मिळावयास पुढें पावणेदोनशे वर्षें लागलीं. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांनीं ‘फ्रेजल व्हर्ब’ हें नांव सुचविलें आणि लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत तें रूढ केलें. प्राचीन इंग्रजींत असलीं अव्ययें बहुधा धातूच्या पूर्वीं जोडलेलीं असत; पुढें तीं हळूहळू धातूच्या मागें गेलीं आणि सुटीं झालीं.

हें वाचतांना संस्कृतज्ञ वाचकास हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. कारण उपसर्ग ही वस्तु आपणांस नवी नाहीं. ‘हृ’ ह्या एकाच धातूस निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार असे परस्परांशीं संबंध नसलेले अर्थ होतात, हें आपण लहानपणींच शिकतों. उपसर्ग धातूच्या पूर्वीं यावा हा पाणिनीचा सामान्य नियम. परंतु वेदांत तो धातूच्या नंतरहि येतो आणि मध्यें दुसरीं पदें घालून दूरहि ठेवतां येतो, हेंहि त्या महावैयाकरणानें नोंदून ठेवलें आहे. ‘कॅरी द वर्क ऑन’ ह्या वाक्यांत ‘ऑन’ जसें कर्माच्या पलीकडे जाऊन बसतें, तसाच हा प्रकार. इतकेंच काय, पूर्वीच्या सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत चालू राहतें ह्यास आपल्या व्याकरणांत ‘अनुवृत्ति’ असें नांव आहे. सातत्याचा अर्थ दाखविणारा उपसर्गच त्या नांवाच्या आरंभीं बसला आहे.

मराठीनें मात्र उपसर्गांची वाट न धरतां दुसरी वाट धरली. आपण सातत्य दाखवितों तें मुख्य क्रियापदापुढें दुसरें क्रियापद ठेवून. मोरो केशव दामले ह्यांनीं १९११ च्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त अशा संयुक्त क्रियापदांची बारकाईनें चर्चा केली आहे. ‘वाचीत राहिला’, ‘वाचीत बसला’, ‘वाचीत गेला’, ‘वाचीत आला’, ‘वाचीतच सुटला’ — पांचहि वाक्यांत वाचन चालू आहे, पण पांच माणसें निराळीं आहेत. राहिला त्याच्यापाशीं निष्ठा आहे. बसला त्यानें दुसरें काम सोडलें असा थोडा ठपका आहे. गेला त्याच्या वाचनास पुढचा रोख आहे. आला त्याचा अभ्यास मागच्या काळापासून आजपर्यंतचा आहे. आणि सुटला त्याला आतां कोणी थांबविणें कठीण. इंग्रजी जें काम अव्ययाकडून करून घेते, तें आपण राहणें, बसणें, जाणें, येणें ह्या देहाच्या साध्या व्यापारांकडून करून घेतों.

हें ध्यानांत ठेवलें म्हणजे इंग्रजीचे बारकावे मराठी मुलास समजावून देणें फारसें कठीण नाहीं, असा माझा वर्गांतील अनुभव आहे. ‘कीप ऑन’ म्हणजे करीत राहणें, आणि बोलणाऱ्याच्या स्वरांत त्रास असला तर करीत बसणें. ‘कीप अप’ म्हणजे केवळ चालू ठेवणें नव्हे, गाठलेली पायरी न सोडणें. चांगला अभ्यास करणाऱ्याला शिक्षक ‘कीप इट अप’ म्हणतात तें ह्याच अर्थानें. येथें ‘इट’ हें सर्वनाम मध्येंच आलें पाहिजे. ‘कीप अप इट’ असें लिहिणारे विद्यार्थी दरवर्षीं भेटतात. ‘ड्रॅग ऑन’ म्हणजे रेंगाळत चालणें. दिवाणी दाव्यांस हें क्रियापद जितकें शोभतें तितकें दुसऱ्या कशास शोभत नसेल. ‘प्रेस ऑन’ म्हणजे अडचणींस न जुमानतां नेटानें पुढें जाणें. ‘होल्ड ऑन’ हें टेलिफोनवर ऐकलें तर जरा थांबा, आणि संकटांत सांपडलेल्यास उद्देशून म्हटलें तर तग धरा. ‘कॅरी आउट’ हें मात्र ‘कॅरी ऑन’चें भावंड समजूं नये, तें आज्ञेची किंवा योजनेची अंमलबजावणी करणें, पार पाडणें. एक पुढें चालवितें, दुसरें शेवटास नेतें. कार्यालयीन पत्रांत ह्या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे काम चालू आहे कीं पुरें झालें आहे हेंच कळेनासें होतें.

सर्वांत सूक्ष्म गोष्ट ‘गो ऑन’ची. ‘ही वेंट ऑन टीचिंग’ म्हणजे तो शिकवीत राहिला. ‘ही वेंट ऑन टु टीच’ म्हणजे आधीं दुसरें कांहीं केल्यावर पुढें तो शिकवूं लागला. पहिल्यांत जुनें काम चालू आहे, दुसऱ्यांत जुनें संपून नवें सुरू झालें आहे. आणि फरक केवळ क्रियापदाच्या शेपटाचा. कोणाचें चरित्र भाषांतरित करणारानें येथें चूक केली तर चरित्रनायकाचा सारा जीवनक्रम उलटा होईल.

आतां इतिहासांतील ज्या प्रसंगापाशीं हा विषय आम्हां नागपूरकरांच्या काळजाला भिडतो, त्याकडे येतों. १८५३ च्या डिसेंबरची ११ तारीख. तिसरे रघुजी भोंसले वारले. त्यांस पुत्र नव्हता आणि हयातींत त्यांनीं दत्तक घेतलेला नव्हता. राजघराण्यांतील स्त्रियांनीं, त्यांत वृद्ध बांकाबाई प्रमुख होत्या, नात्यांतील यशवंतराव आहेरराव ह्या मुलास दत्तक घेऊन जानोजी असें नांव दिलें. त्यांच्या समजुतीप्रमाणें ह्यांत कांहीं नवें घडत नव्हतें. दत्तकानें वंश चालतो. वंश चालला कीं राज्य चालतें. तेथें निराळी परवानगी कसली? परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी ह्यांच्या इंग्रजींत ह्या प्रसंगाचें क्रियापद वेगळें होतें. तें होतें ‘लॅप्स’. वारस नाहीं म्हणून राज्य आपोआप गळून सार्वभौम सत्तेच्या पदरांत पडलें, असा त्याचा भाव. १८४८ सालीं सातारा ह्याच शब्दानें गेला होता. १८५४ च्या आरंभीं नागपूरचा निकाल झाला. त्याच सालीं झांशीहि गेली. ‘लॅप्स’ ह्या क्रियापदास कर्ता लागत नाहीं हें पाहण्यासारखें आहे. कोणी राज्य घेतलें असें तें म्हणत नाहीं. राज्य गळलें असें म्हणतें. कृति करावी आणि क्रियापद अकर्मक वापरावें, ही राज्यकर्त्यांची जुनी हातोटी आहे, आणि ती केवळ इंग्रजांचीच होती असें कोणी समजूं नये.

पुढें १८५७ च्या उठावानंतर धोरण बदललें, आणि १८६२ सालीं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. जानोजींस देऊरचे राजे बहादूर हा किताब मिळाला; नागपूरचें राज्य परत मिळालें नाहीं. नांव चाललें, राज्य चाललें नाहीं. किंवा मराठीचा दुसरा अर्थ घेऊन म्हणावयाचें तर राज्य चाललें, म्हणजे निघून गेलें. ‘चालणें’ ह्या धातूंत टिकणें आणि जाणें हे दोन्ही अर्थ आहेत. ‘चालूं द्या’ म्हणजे थांबूं नका, आणि ‘चालते व्हा’ म्हणजे येथें थांबूं नका. ह्या दोन वाक्यांमध्यें किती अंतर आहे हें भोंसल्यांच्या वाड्यानें १८५४ सालीं अनुभवलें.

‘चालूं द्या’ हा शब्द आला म्हणून एक आणखी गोष्ट सांगतों. वरिष्ठ अधिकारी आला, हाताखालचे लोक काम सोडून उभे राहिले, म्हणजे तो इंग्रजींत ‘कॅरी ऑन’ म्हणतो. आपल्याकडे कोणी जेवत असतां पाहुणा आंत आला तर तो ‘चालूं द्या’ म्हणतो. दोन्हींतील सौजन्य एकच: माझ्या येण्यानें तुमचें थांबूं नये. १९३९ सालीं महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारनें एक भित्तिपत्रक छापलें. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे शांत राहा आणि आपलें चालूं द्या, एवढाच मजकूर. चोवीस लाखांहून अधिक प्रती छापल्या, पण त्या भिंतींवर जवळजवळ लागल्याच नाहींत. बहुतेक रद्दींत गेल्या. इ. स. २००० मध्यें अ‍ॅनिक येथील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिची एक प्रत सांपडली आणि मग तीं अक्षरें जगभर कपांवर व सदऱ्यांवर झळकूं लागलीं. मला ह्यांत अर्थ दिसतो तो असा कीं, संकटांत माणसाला ‘पर्सिव्हिअर’सारखा मोठा शब्द सुचत नाहीं. त्याला गाडी हांकण्याचा किंवा पायीं चालण्याचाच शब्द लागतो.

१९४६ नंतर डॉ. रघुवीर ह्यांनीं नागपुरांत राहून इंग्रजी पारिभाषिक शब्दांस संस्कृत धातु व उपसर्गांवरून प्रतिशब्द घडविण्याचें प्रचंड काम केलें. त्यांतील कांहीं शब्द रुळले, कांहींची थट्टा झाली. परंतु परिभाषा ही मुख्यतः नामांची असते. ‘चालूं द्या’, ‘लावून धरा’, ‘तग धरा’ ह्यांना परिभाषा लागत नाहीं, जपणूक लागते. आज आमच्या सुशिक्षित घरांत ‘कंटिन्यू कर’ हा एकच प्रयोग राहिला, बसला, गेला, आला, सुटला ह्या पांचांच्या जागीं बसूं पाहतो आहे. इंग्रजी शब्द आला ह्याचा मला विषाद नाहीं. मी स्वतः त्याच भाषेवर पोट भरतों. विषाद ह्याचा कीं, तो आमचे पांच अर्थ घेऊन एकच परत देतो, आणि इंग्रजांच्या स्वतःच्या घरांतील अर्थहि आम्हांस देत नाहीं. दोन्हीकडून नुकसान होतें तें असें.

त्या विद्यार्थिनीची हकीकत पुरी करून हा लेख संपवितों. त्या कागदाचें नीट भाषांतर आम्हीं दोघांनीं मिळून केलें. ‘रिझ्यूम’च्या जागीं तिनें प्रथम ‘जप्त’ लिहिलें; मी म्हटलें, जप्तींत गुन्ह्याचा वास येतो, ‘सरकारजमा’ लिही. तो कागद घेऊन ती दिवाळीच्या सुटींत गांवीं गेली. परत आली तेव्हां मी विचारलें, “आजी काय म्हणाल्या?” ती म्हणाली, “आजीनें दोनदां वाचून घेतलें, सर. मग म्हणाली, म्हणजे त्यांनीं आपलें कांहीं खाल्लें नव्हतें तर.” थोडें थांबून तिनें सांगितलें कीं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं आजी काठी टेकीत चुलत दिरांच्या घरीं गेली होती. बऱ्याच वर्षांनीं त्या ओसरीवर तिला पाहून घरांतील माणसें उठून उभीं राहिलीं. आजी उंबऱ्याशीं टेकली आणि म्हणाली, “बसा, चालूं द्या तुमचें.”